श्यामच्या घरावरचे कर्ज

‘श्यामची आई’ आजच्या मुलांच्या हातात द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतोच. साने गुरुजींची जयंती आली, शाळेत बक्षिसाची पुस्तके निवडायची वेळ आली, २०२३ साली नवा चित्रपट आला, की तेच दोन गट पुन्हा समोरासमोर येतात. एकाचे म्हणणे, हे पुस्तक घरातून गेले म्हणून मुले हाताबाहेर गेली. दुसऱ्याचे म्हणणे, रडके आणि जुनाट पुस्तक आहे, पोरांच्या मनात उगाच अपराधीपणा भरते, आता ते माळ्यावर टाकलेले बरे. दोन्ही बाजूंचा आवेश पाहून वाईट वाटते, कारण दोघांनीही ते एकाच पद्धतीने वाचले आहे. मुलांना वळण लावायचे साधन, एवढीच दोघांची समजूत. एकाला ते साधन हवे आहे, दुसऱ्याला नको. कादंबरी म्हणून ते उघडायला कोणी तयार नाही. माझे मत सरळ आहे. नव्वद वर्षे हे पुस्तक टिकले ते त्यातल्या उपदेशाच्या बळावर टिकलेले नाही. एक खातेपिते घर कर्जात बुडत जाते आणि घरातला एक मुलगा ते बुडणे अर्धवट समजत, अर्धवट न समजत बघत असतो, ही त्याची खरी गोष्ट आहे. ती मुलांना पोचते. ती अर्धी कापून देणे आणि मुळीच न देणे, दोन्ही मला सारखेच अन्यायाचे वाटते.

हे पुस्तक कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले ते आधी लक्षात घ्यावे. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबला. पुस्तकाचा मोठा भाग एवढ्या थोड्या दिवसांत उतरला. छापून आले ते १९३५ साली. लिहिणारा तेहतीस वर्षांचा राजबंदी, आणि आई जाऊन पंधरा वर्षे उलटलेली. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, रोज रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. या रात्रींची नुसती नावे ओळीने वाचली तरी कथेचा उतार दिसतो. सुरुवातीला ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’, ‘श्यामचे पोहणे’. मग बत्तिसाव्या रात्रीपासून सूर पार बदलतो: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’, आणि शेवटाकडे ‘भस्ममय मूर्ती’. आपण मुलांना सांगतो त्या गोष्टी बहुतेक पहिल्या पंचवीस रात्रींतल्या असतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोहण्याचा प्रसंग बसवतात, अळणी भाजी बसवतात. घराच्या लिलावाची दवंडी कोणी बसवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पुस्तकाचा शेवटचा पाव हिस्सा आपल्या सार्वजनिक आठवणीतून गळूनच गेला आहे, आणि मग उरलेल्या भागावरून आपण भांडतो.

विरोधकांचा सर्वांत जोरकस आक्षेप भावुकतेचा आहे आणि तो मला मान्य आहे. या पुस्तकात अश्रू फार आहेत. गुरुजी प्रसंग सांगतात, तो संपतो, आणि मग त्याच्यावर पानभर प्रवचन येते. ते प्रवचन आज मलाही वाचवत नाही. लहानपणीही मी ते ओलांडून पुढच्या रात्रीकडे पळायचो, आणि बहुतेक मुले तेच करत असणार. जगभर या जातीच्या पुस्तकांवर ही टीका झाली आहे. इटलीचे एकीकरण झाल्यावर १८८६ मध्ये एदमोंदो दे आमिचिस यांचे ‘कुओरे’ हे पुस्तक आले. तुरीनमधल्या एका वर्गाचे वर्ष, त्यातली सद्गुणी मुले, त्यागी मास्तर, देशासाठी मरणारी पोरे. इटलीच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. पुढे इटलीचेच लेखक उंबेर्तो एको यांनी त्यातल्या फ्रांती नावाच्या वाईट मुलाची स्तुती करणारा निबंध लिहिला. राजाच्या अंत्ययात्रेचे वर्णन वर्गात चाललेले असताना एकटा हसतो तो हा फ्रांती. एको यांचा मुद्दा असा की, या गुळगुळीत आज्ञाधारक जगात हसणारा तोच खरा जिवंत. आपल्याकडच्या टीकाकारांना श्यामबद्दल असेच काहीसे म्हणायचे असते.

पण इथे ही तुलना मोडते, आणि कुठे मोडते ते पाहण्यासारखे आहे. ‘कुओरे’मध्ये वाईट मुलगा वेगळा, चांगली मुले वेगळी. या पुस्तकात वाईट मुलगा श्यामच आहे. पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर लपतो तो श्याम. मोठा होण्यासाठी पुस्तक हवे म्हणून पैसे चोरतो तो श्याम. घरातून पळून जातो तो श्याम. ‘पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसे मनालाही जप’ हे वाक्य महाराष्ट्रात भिंतींवर रंगवलेले असते, पण ते ज्या प्रसंगातून आले तो कोणी नीट सांगत नाही. संध्याकाळी खेळून आलेल्या पोराला आईने न्हाऊ घातले आहे. आता न्हाणीच्या दगडावरून खाली उतरायचे तर ओल्या तळव्यांना माती लागेल. म्हणून तो हट्ट धरतो की आईने लुगड्याचे ओचे दगडावर पसरावेत, त्यावर पाय ठेवून तो उतरेल. आणि ती पसरते. तिचे लुगडे ओले होते, पोराचे पाय कोरडे होतात. मग तो देवाला फुले वाहायला निघाल्यावर ती ते वाक्य बोलते. आधी लाडावलेला, जरासा जुलमी मुलगा, आणि मागाहून सुभाषित. मुलांना भिडतो तो आधीचा भाग, कारण आपल्या आईला आपण किती वाकवतो हे प्रत्येक पोराला आतून ठाऊक असते. लिहिणाऱ्याने स्वतःला सूट दिलेली नाही. उपदेशपर पुस्तकांचे लेखक बहुधा स्वतःला उपदेश करणाऱ्याच्या जागी बसवतात. गुरुजी ज्याचा कान पिळला गेला त्याच्या जागी बसले आहेत.

दुसरा आक्षेप बाईच्या वाट्याला आलेल्या त्यागाचा. इथेही आधी कबूल करतो. राबणारी, सोसणारी, आजार अंगावर काढणारी आई हा आदर्श म्हणून पुढे केला की त्याची किंमत पुढच्या बायकांना मोजावी लागते. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट ठरला, आणि वनमालाबाईंच्या चेहऱ्याने ही सोशिक आई घराघरांत कायमची बसली. अळणी भाजीचा प्रसंग घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुले मुकाट्याने जेवून उठतात. मागून ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि ती हळहळते. तात्पर्य काय, तर केलेल्याला नावे ठेवू नयेत. वडिलांचा संयम थोर आणि आईची हळहळही थोर. आजच्या वाचकाला खटकावे असेच हे आहे. मी हा प्रसंग भाचीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “पण मामा, तिने चाखून का नाही बघितलं?” तिला सांगावे लागले की त्या घरात स्वयंपाक देवाला दाखवायच्या आधी, माणसांना वाढायच्या आधी चाखत नसत, उष्टा होतो. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, मग ती सगळ्यांबरोबर का नाही बसली जेवायला?

बघा, गोष्टीतच हे सारे होते. मीठ नाही हे सर्वांत शेवटी तिला कळते, कारण ती सर्वांत शेवटी जेवते. गुरुजींनी त्यावर भाष्य केलेले नाही, पण तपशील लपवलेलाही नाही. दहा वर्षांच्या मुलीने तात्पर्य बाजूला सारले आणि तपशील उचलला. तात्पर्याची पुस्तके अशी वाचता येत नाहीत, कारण त्यांत तात्पर्याला पुरेल एवढाच तपशील असतो. इथे तो गरजेपेक्षा जास्त आहे, आणि त्यामुळे प्रत्येक पिढीला लेखकाशी भांडायला जागा मिळते. शिवाय ही आई गप्प बसणारी आहे हा समजही पुस्तक शेवटपर्यंत वाचले की टिकत नाही. जमीन विका, कर्ज फेडा, मीठभाकर खाऊन राहू, पण डोक्यावरचे हे ओझे उतरवा, असे वडिलांना सांगणारी तीच आहे. घरात व्यवहार कळणारे माणूस तेच. तिचे कोणी ऐकत नाही, कारण ती बाई. वडिलोपार्जित जमीन, गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा मान, चार लोकांत नाव, यापुढे तिचा सल्ला फुकट जातो आणि घर लिलावात जाते. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस तोंड सोडून बोलतो तेव्हा ओटीवर येऊन त्याला खडसावतेही तीच. याला सोशिकतेचे गुणगान म्हणणाऱ्याने ही पाने उघडून पाहावीत. आणि ‘अर्धनारी नटेश्वर’ ही रात्रही. घरातली बायकी म्हणून हिणवली जाणारी कामे मुलाने करावीत आणि पुरुषात बाईचे गुण असावेत, हे १९३५ मध्ये मुलांच्या पुस्तकात आले आहे. आज किती घरांत मुलगा दळण-कांडण तर सोडाच, स्वतःचे ताट उचलतो?

तिसरा आक्षेप माराचा. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिंपटीने झोडपत विहिरीवर पाठवते. आज कोणी आपल्या मुलाला असे मारले तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि तो प्रसंग ‘धाक हवा’ म्हणून मिटक्या मारत सांगणाऱ्यांचा मला राग येतो. एवढे म्हणून पुढे जातो.

जातीचा मुद्दा मात्र थांबून बोलायला हवा, कारण टीकाकारांचे सर्वांत बळकट म्हणणे तेच आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका महार म्हातारीची मोळी रस्त्यात खाली पडते, तिला कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. पहिले वाक्य बंडाचे, दुसरे वाक्य शरणागतीचे. विटाळ मानायचा नाही, पण गाव मानते म्हणून अंगावर पाणी घ्यायचे. यात समता नाही, दया आहे, आणि दयेला मर्यादा असते. तसेच खोतीचे. श्यामचे घराणे खोताचे. कोकणातल्या कुळांनी खोताच्या नावाने काय भोगले ते बाबासाहेब आंबेडकरांना पक्के ठाऊक होते. हे पुस्तक आले त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडले. श्यामची गोष्ट खोताच्या ओटीवरून पाहिलेल्या कोकणाची आहे. कुळाच्या अंगणातून तेच गाव कसे दिसत असेल ते या पुस्तकात शोधू नये, मिळणार नाही.

मग एवढ्यावरून पुस्तक बाद करायचे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण खुद्द लेखकाच्या आयुष्यात आहे. आंघोळीपाशी थांबलेला तो मुलगा आंघोळीपाशीच राहिला असता तर टीकाकार जिंकले असते. पण १ मे १९४७ रोजी तोच मुलगा पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून. त्याआधी त्याच मागणीसाठी महाराष्ट्र पालथा घातला. प्राण पणाला लावल्यावर दहाव्या दिवशी दरवाजा उघडला. पुस्तकातली ती रात्र मुलांना या उपोषणासह सांगितली तर त्यांना काय दिसेल? माणूस घरातून अर्धवट शिकवण घेऊन निघतो आणि उरलेली वाट त्याला स्वतः चालावी लागते. आईने मोळीपर्यंत आणून सोडले, पंढरपूरपर्यंत तो स्वतः गेला. आंघोळीचे वाक्य गाळून, सोज्ज्वळ करून हा प्रसंग छापला तर हे अंतर दिसणारच नाही. ज्यांना पुस्तक जातीयवादी वाटते आणि ज्यांना ते निष्कलंक ठेवायचे आहे, त्या दोघांनाही ते वाक्य नको असते. मला ते हवे आहे.

आता कर्जाकडे येतो, कारण मुलांना हे पुस्तक का धरून ठेवते याचे माझ्या मते तेच उत्तर आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात कर्ज आपल्याला बाहेरून शिकवले जाते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, दख्खनच्या दंग्यांची चौकशी झाली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. परीक्षेत हे दोन-चार गुणांना येते. पण कर्ज घराच्या आत कसे वावरते? जेवताना बोलणे कसे बंद होते, पाहुणा येणार म्हटल्यावर आईचा चेहरा का उतरतो, बाप ओटीवर कोणाशी हळू आवाजात बोलतो आणि मूल आत आले की गप्प का होतो? तेल आहे तर मीठ नाही, हे शीर्षक ज्या घरातल्या फडताळातून आले आहे त्या घरातल्या मुलाला हिशोब समजावून सांगावा लागत नाही, डबे उघडले की कळतो. भाऊबीजेला मिळालेल्या पैशातून आई स्वतःला काही न घेता वडिलांना धोतर आणवते, तेव्हा मुलाला दिसते ते असे की बापाचे धोतर फाटले होते आणि ते आपल्या आधी आईच्या लक्षात आले होते.

आजची मुले या जगापासून लांब गेली, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कोणत्या घरांतली मुले? मराठवाड्यात, विदर्भात कर्जापायी बाप गमावलेली मुले शाळेत बसतात. मायक्रोफायनान्सच्या हप्त्याचा दिवस आला की वस्तीतल्या बायका कुणाच्या दारी जमतात ते तिथल्या पोरांना माहीत असते. फोनच्या ॲपवरून घेतलेले पाच-दहा हजार फेडता आले नाहीत म्हणून घरातल्या सगळ्यांच्या ओळखीच्यांना फोन जातात. जुन्या दवंडीला आता गावचा रस्ताही लागत नाही. मुंबईत, पुण्यात फ्लॅटच्या हप्त्यावर चालणाऱ्या घरात नोकरी गेल्यावर जी शांतता पसरते तीही याच जातीची. आपण मुलांशी यावर बोलत नाही, त्यांना कळत नाही असे समजतो. त्यांना कळते, फक्त त्याला शब्द नसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना लाज वाटते. बालसाहित्यात जादू आहे, साहस आहे, हसवणूक आहे, आणि ती सारी हवीच. पण आपले घर अडचणीत आहे आणि आपल्याला त्याची लाज वाटते, हे इतक्या जवळून सांगणारी मुलांची किती पुस्तके मराठीत आहेत? मला फार आठवत नाहीत. ज्या मुलाला ती लाज ठाऊक आहे त्याला हे पुस्तक अपराधी करत नाही. त्याला सोबत मिळते. अपराधीपणाचा आक्षेप घेणारी मंडळी बहुधा ज्यांच्या दारात सावकार कधी आला नाही अशा घरांतली असतात, आणि त्या मुलांनाही दुसऱ्या घराची ही बाजू वाचायला मिळाली तर नुकसान काय?

रडण्याबद्दलही एक सांगायचे आहे. गुरुजींचे लेखन रडके म्हणून हिणवायची चाल जुनी आहे. मुलग्याने रडायचे नसते असे बजावत आलेल्या समाजात हे पुस्तक एका मुलग्याला आईसाठी, भावासाठी, गायीसाठी, झाडावरून तोडलेल्या कळ्यांसाठी मोकळेपणाने रडू देते आणि त्याबद्दल त्याची कोणी टर उडवत नाही. किशोरवयीन मुलांना आपण काय शिकवतो ते आज आजूबाजूला बघावे. रडू न येणारे, मारामारीला सदा तयार असलेले मुलगे घडवून आपले काय भले झाले? आईच्या मृत्यूला वेळेवर न पोचलेला श्याम हात चोळत राहतो, पुस्तक त्याला कोणतेही समाधान देत नाही. मुलांच्या पुस्तकात शेवट गोड असावा असा आग्रह धरणाऱ्यांनी याची दखल घ्यावी, कारण हा कडू शेवटच मुलांना पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला आहे.

म्हणून संस्कारवाल्या मंडळींना माझी विनंती आहे, या पुस्तकाचे तुकडे करणे थांबवा. गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे २०११ पासून त्यांच्या लेखनावर कोणाचा हक्क राहिलेला नाही. कोणीही छापू शकतो, कितीही कापू शकतो, आणि रंगीत चित्रांच्या पातळ ‘निवडक’ आवृत्त्यांचा मोह मोठा असतो. पूर्ण पुस्तक द्या. प्रवचने मुले ओलांडतील, ओलांडू द्या. बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत त्यांना जाऊ द्या. आणि वर्गात तात्पर्य लिहायला सांगण्याऐवजी मुलांना एकच विचारा: हे घर वाचवता आले असते का, आणि कोणाला? वर्ग भांडेल. कोणी सावकाराला दोष देईल, कोणी वडिलांच्या मानपानाला, कोणी खोतीलाच. आणि एखादी मुलगी नक्की विचारेल, आई तर आधीपासून बरोबर सांगत होती, मग तिचे का नाही ऐकले? तिच्या प्रश्नावर तास संपला तरी चालेल, पण तो टाळू नका.